धडा : रेसिंगचं काम घेण्याआधी एक प्रश्न

आजचं टिपण गॅरेज आणि अ‍ॅक्सेसरीजवाल्यांसाठी.

गिऱ्हाईक महागडी सेडान घेऊन येतं. "सायलेन्सर बदला, पॉवर वाढवा, रेसला न्यायचीय." बिल मोठं, पैसे रोख. हो म्हणण्याआधी विचारा : ही गाडी परत रस्त्यावर धावणार का?

धावणार असेल तर : मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आरसी बुकातला तपशील वेगळा होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. सीएनजी किटसारख्या बदलांना वाट आहे, पण ती आरटीओतूनच. गोवा पासिंगची गाडी दोडामार्गात आली तरी कायदा तोच, केंद्राचा.

फक्त ट्रॅकवर असेल तर : तिथे एफएमएससीआयचे नियम आणि तांत्रिक तपासणी. चाकणला बनलेली व्हेंटो २०१५ च्या व्हेंटो कपमध्ये धावली ती अशीच, खास रेससाठी तयार होऊन. नियमपुस्तक आधी मागा, पाना नंतर उचला.

घाटात पैज लावायची असेल तर : हात जोडा. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत हा कलम १८९ चा गुन्हा.

आता हिशोब. कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि आपण? कायद्याच्या व्याख्येत गाडी दुरुस्त करणाराही 'डीलर' आहे. गाडीच्या रचनेचे नियम मोडले तर डीलरला दर गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

जॉबकार्डवर वापर लिहून सही घ्या. पण सही म्हणजे सुटका नव्हे. नफा दहा हजार, जोखीम लाखाची. असं काम सोडणं हासुद्धा धंदाच.