स्विच बदलण्याआधी

आमच्या तळवड्यात एकीकडे आयटी पार्क, दुसरीकडे लघुउद्योगांचे गाळे. घरून काम करणारे वाढले तशा गल्लीत वायरी वाढल्या आणि ‘वायर लावूनही नेट हळूच’ ही तक्रारही. ओळखीच्यांकडे असे दोष शोधताना जे पक्कं झालं, ते लिहितो.

१. आधी आकडा बघा

‘हळू’ म्हणजे किती, हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नये. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४-९५ वर थांबते, तर बाहेरची लाइन बहुतेक चांगली असते. घरातली एखादी जोडणी १०० वर चाललेली असते. एकाच आकड्याला चिकटलेला वेग हीच तिची खूण. विंडोजच्या ईथरनेट सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ दिसतो. पण तो संगणक ते स्विच एवढ्याच तुकड्याचा. स्विच ते राउटर हा तुकडा स्विचवरच्या दिव्यावरून ओळखावा लागतो, आणि दिव्यांच्या रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. तेव्हा खोक्यातलं माहितीपत्रक जपून ठेवा.

फाइल उतरताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो, हेही लक्षात असू द्या. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट.

२. आठही तारा जोडलेल्या हव्यात

माझ्या पाहण्यातले सर्वाधिक दोष इथेच निघाले. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला त्यातल्या दोन पुरतात, नारिंगी आणि हिरवी. १९९९ साली तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिटचं मानक आलं, त्याला चारही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तरी नेट बंद पडत नाही. स्विच आणि संगणक आपसात १०० वर जुळवून घेतात, दिवा लागलेला राहतो आणि वायरीवर कुणाचा संशय जात नाही.

खाली गाळा, वर राहतं घर अशा एका ठिकाणी काका नवा स्विच आणायलाच निघाले होते. “दादा, हा जुना झालाय, बदलूनच टाकतो.” केबल टेस्टर लावला तर सात आणि आठ नंबरचे दिवे लागेनात. टोकाचा कनेक्टर कापून नवा मारला आणि लिंक स्पीड १००० झाला. टेस्टर काहीशे रुपयांत मिळतो. सोसायटीने मिळून एक घ्यावा.

याच जातीचा आणखी एक प्रकार आहे. पैसे वाचवायला एकाच केबलमधल्या चार तारा नेटला आणि उरलेल्या चार कॅमेऱ्याला दिलेल्या असतात. ते काम करणाऱ्याने १०० चा विचार करून केलेलं असतं. तिथे नवी केबल ओढण्याला पर्याय नाही.

३. केबल तांब्याचीच घ्या

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. तार ब्लेडने खरवडा; आत पांढरी निघाली तर घेऊ नका. ती वळवताना तुटते, तिचा रोध जास्त असतो, आणि त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज दिली तर तापते. हे पैसे वाचवणं मला मुळीच पटत नाही, कारण भिंतीत गेलेली केबल पुन्हा काढायचा खर्च तिच्या किमतीच्या कितीतरी पट येतो.

४. विजेच्या वायरीपासून अंतर ठेवा

खाली वेल्डिंग किंवा मोटार चालत असेल तर जास्तच. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

५. वेग ‘ऑटो’वरच राहू द्या

एका टोकाला हाताने ‘१०० फुल डुप्लेक्स’ ठरवलं आणि दुसरं ऑटोवर राहिलं, तर ते दुसरं टोक हाफ डुप्लेक्स धरतं. मग साधं पान उघडतं, मोठी फाइल मात्र रांगते.

६. सगळ्या घराचं नेट एकदम गुदमरलं तर

स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत धडधडत असतील, तर एखाद्या वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली असण्याचा संभव मोठा. साफसफाईनंतर हे हमखास होतं. एकेक वायर काढत जा; जी काढल्यावर दिवे शांत होतील, ती दोषी.

स्विच मधूनच बंद होऊन सुरू होत असेल तर अ‍ॅडॉप्टर तपासा. तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावून बघा. लाइट वारंवार जाते-येते तिथे अ‍ॅडॉप्टर स्विचच्या आधी दमतो.

७. स्विचवर संशय सगळ्यात शेवटी

लॅपटॉप छोट्या, खात्रीच्या वायरीने थेट राउटरला लावा आणि वेग बघा. मग त्याच वायरीने स्विचमधून. मग भिंतीतल्या केबलवरून. जिथे आकडा पडतो, तिथे दोष. स्विचवर ‘१०/१००’ एवढंच छापलेलं असेल तर मात्र तो बदलायलाच हवा. ‘१०/१००/१०००’ असलेला घ्या. फायबरच्या डब्याचे सगळे पोर्ट गिगाबिटचे असतीलच असं नाही, तेही पाहा.

आणि घर बांधत असाल तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामी नळी, आत ओढायची दोरी ठेवून, टाकून घ्या. विजेच्या नळीपासून वेगळी.