सॅक्सोफोनला खालचं सप्तक जोडताना

लग्नसराईत बालाघाटच्या काली पुतली चौकातून वरात निघते. बँडमधला सॅक्सोफोनवाला जीव तोडून फुंकतो आणि धुमाल वाद्यपथकाच्या भोंग्यांपुढे त्याचा एक सूर ऐकू येत नाही. अमेरिकेतल्या जॅझवाल्यांनाही ऑर्गन आणि इलेक्ट्रिक गिटारपुढे हीच अडचण होती. १९६५च्या सुमारास सेल्मर कंपनीने व्हॅरिटोन आणलं: वाद्याच्या मानेत माईक, अंगावर बटणांची डबी, सोबत अॅम्प्लिफायर. सूर फुंकला की त्याच्याखाली तोच सूर मंद्र सप्तकात उमटे. सॅक्सोफोनवादक एडी हॅरिसचं १९६७मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ‘लिसन हिअर’ आधी नीट ऐका. तो आवाज कानात बसल्याशिवाय तसाच खालचा सूर जोडणारं ऑक्टेव्ह पेडल विकत घेऊ नका.

व्हॅरिटोनसाठी मानेला भोक पाडावं लागे. तुम्ही पाडू नका, चांगलं वाद्य हातचं जाईल. चिमट्याचा माईक पुरे. तो वाद्याच्या भोंग्यात खुपसू नका, चाव्यांकडे जरा वळवा. बहुतेक सूर उघड्या भोकांतूनच बाहेर पडतात.

माईक थेट पेडलला जोडला तर आवाज मरतो, कारण पेडल गिटारसाठी बनलेलं असतं. म्हणून माईक मिक्सरला, तिथून ऑक्स सेंडने (मिक्सरमधून बाहेर जाणाऱ्या वेगळ्या वाटेने) पेडलला आणि पेडलमधून दुसऱ्या चॅनलवर परत. या परतीच्या चॅनलचं ऑक्स शून्यावर ठेवा, नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळेल. मूळ सूर पूर्ण ठेवा, मंद्र सूर हळूहळू खालून चढवा.

साधं ऑक्टेव्ह पेडल एका वेळी एकच सूर ओळखतं. फुंक डळमळली की खालचा सूर बेडकासारखा घोगरतो. माझ्या टेनर सॅक्सोफोनवर अगदी खालच्या सुरांना ते हमखास चुकायचं. मधल्या सप्तकात मात्र पाठीशी दुसरा माणूस वाजवतोय असं वाटायचं. रोज दहा मिनिटं लांब, सरळ सूर लावा. यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच आहे.

ट्रम्पेटवाल्याने इको घ्यावा. १९६९मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘बिचेस ब्रू’मध्ये माइल्स डेव्हिसच्या ट्रम्पेटमागे तो धावताना ऐकू येतो. इको किती वेळाने यावा हे ठरवायला मिनिटाच्या मात्रा मोजा आणि ६०,००० ला त्या संख्येने भागा: १२० मात्रा असतील तर ५०० मिलिसेकंद. स्पीकर नेहमी वाजवणाऱ्याच्या पुढे ठेवा, मागे असला की माईक शिट्टी मारतो. आणि अरुंद गल्लीत शिरलात की इको बंद करा, तिथल्या भिंतीच तो देतात.