भरताचं हरीण



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ५, अध्याय ८

गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ऋषभदेवांचा मुलगा भरत राज्य सोडून गंडकीच्या काठी पुलहाश्रमात येऊन राहतो. एक गाभण हरिणी पाण्यावर आलेली असते, सिंहाची डरकाळी ऐकून ती उडी मारते, पाडस पोटातून नदीत पडतं आणि हरिणी पलीकडे मरून जाते. भरत पाडस उचलून आणतो. पुढे त्याच्यातच जीव अडकतो, मरताना मनात हरीणच असतं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

लहानपणी हे आपल्याला “आसक्ती वाईट” एवढ्यावर संपवून सांगतात. ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे त्यांना मग प्रश्न पडतो, की हिच्यावर एवढा जीव लावतोय ते चुकतंय का? जपाला बसलं की ती मांडीवर येऊन बसते, तिला बाजूला सारायचं का?

मला वाटतं, आधी अध्याय सावकाश वाचू या. कारण भागवतकारांनी हे नातं तुच्छतेने लिहिलेलंच नाही, चांगलं जवळून पाहून लिहिलंय. वाटेत पाडस दमलं की भरत त्याला खांद्यावर घेतो. पूजेच्या मधेच उठून ते दिसतंय ना बघतो आणि बाळा, तुझं कल्याण असो म्हणतो. तो डोळे मिटून, ध्यानाचा आव आणून बसला की ते आपल्या कोवळ्या शिंगांच्या टोकाने त्याला हळूच ढोसतं. (आव आणून! व्यासांची नजर किती तिखट आहे बघा.) आणि सगळ्यांत सुंदर प्रसंग म्हणजे दर्भावर ठेवलेलं होमाचं साहित्य ते तोंड लावून विटाळतं, भरत रागावतो, आणि ते खेळ तिथेच थांबवून एखाद्या ऋषिकुमारासारखं शांत बसून राहतं.

त्याला शब्द कळला नसेल, पण आवाज कळला. घरी कुत्रा असेल तर हे वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये जपानच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या जवळिकीशी जोडलेलं हेच ते संप्रेरक. म्हणजे “तो फक्त खाण्यासाठी येतो गं” हे खरं नाही.

मग भरताचं बिघडलं कुठे? पाडस उचललं तिथे नाही. शरण आलेल्याला टाकू नये, या विचाराने तो ते उचलतो आणि त्या विचाराला ग्रंथ कुठेच चूक म्हणत नाही. बिघडलं ते हळूहळू. रोजचे नियम एकेक करून सुटले. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे संवाद एकतर्फी होत गेला. हरीण दिसेनासं झालं की तो लांडग्यांच्या भीतीने कासावीस होतो, जमिनीवर खुरांचे ठसे दिसले की पृथ्वीचं भाग्य वाखाणतो, चंद्रावरचा डाग पाहून त्याला वाटतं, आपलंच पोरकं पाडस चंद्राने जवळ घेतलंय. हे सगळं बोलणं हरणाबद्दल आहे, पण त्यात हरीण कुठे आहे? शिंगं फुटलेल्या हरणाला काय हवं असेल, रान की कळप, हा प्रश्न भरताला एकदाही पडत नाही. त्याला फक्त ते जवळ हवंय. माझ्या मते अध्यायाचं दुखणं इथे आहे.

याच्या शेजारी महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व ठेवा. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले, युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर रथात चढायला नकार देतो. त्या कुत्र्यासाठी तो जो शब्द वापरतो, तो आहे ‘भक्त’. आपण स्वतःसाठी वापरतो तोच. तिथे कुत्रा धर्मच होता हे नंतर कळतं; नकार देताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हतं.

म्हणून म्हातारा झालेला, शेवटच्या दिवसांतला कुत्रा घरी असेल आणि त्याच संध्याकाळी कीर्तन असेल, तर कुठे बसायचं? मी म्हणेन, कुत्र्यापाशी. नामस्मरण तिथेही होतं, हात त्याच्या पाठीवर ठेवून. पण तो धडधाकट असताना त्याचे फोटो काढण्यात रोजची पूजा बुडत असेल, तर तो प्रश्न कुत्र्याचा नाही.

मांडीवर येणाऱ्या मांजरीचं म्हणाल, तर जपाआधी तिला खाऊ घाला. तरीही आली तर बसू द्या. माळ चालू ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना बहुधा राहून जाते. हरणाच्या जन्मातही भरताला सगळं आठवत होतं. कालंजर पर्वतावरून तो पुन्हा त्याच आश्रमात आला आणि सुकी पानं खाऊन एकटा राहिला. पशूचा देह मिळाला म्हणून भक्ती थांबली नाही. त्यापुढच्या जन्मी तो जडभरत झाला. राजा रहूगणाच्या पालखीला त्याला जुंपलं, तर पालखी हिंदकळू लागली, कारण पायाखाली जीव येऊ नये म्हणून तो बाणभर अंतर पुढची जमीन बघत पाऊल टाकत होता. तो प्रसंग दहाव्या अध्यायात आहे, परवा वाचू. उद्या नववा.