पडणारे दात म्हणून सोडून देऊ नका

‘दुधाचेच दात ते, पडणारच आहेत.’ हे वाक्य मी घरी ऐकलं, शेजारी ऐकलं, बालवाडीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांकडून ऐकलं आणि एकदा दवाखान्यातही ऐकलं. लहान मुलांच्या दातांचं जेवढं नुकसान या वाक्याने केलं आहे, तेवढं गोळ्या-चॉकलेटांनीही केलं नसेल, असं माझं ठाम मत झालं आहे.

मुलगी साडेचार वर्षांची असताना तिच्या खालच्या दोन दाढांच्या फटीत तपकिरी रेघ दिसली. लगेच दवाखान्यात नेलं. ‘पडणारे दात आहेत, आत्ता काही करायला नको, दुखलं तर हे औषध द्या,’ असं सांगून आम्हाला परत पाठवलं. तिने दुखतंय म्हणून कधी तक्रार केली नाही. फक्त हळूहळू ती एकाच बाजूने चावायला लागली. भाकरी, शेंगदाणे बाजूला सारायची आणि वरणभात मागायची. खाण्याचे नखरे असतील, असंच घरात सगळे म्हणत होते. मग एका रात्री ताप चढला आणि सकाळी जबड्याची ती बाजू सुजून टणक झालेली होती.

या वेळी लहान मुलांच्या दातांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. दुधाच्या दाढेची मुळं फाकलेली असतात आणि त्यांच्या बेचक्यात, हाडाच्या आत, पुढे येणाऱ्या कायमच्या दाढेचा कोंब बसलेला असतो. पू झाल्याची काळी सावली नेमकी त्या बेचक्यातच उतरली होती. एक दाढ काढावी लागली. दुसरीचं रूट कॅनाल करून तिच्यावर स्टीलची कॅप बसवली. काढलेल्या दाढेची जागा बुजू नये म्हणून तारेची कडी लावली.

तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं, ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवं. दुधाचे दात एकूण वीस. पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलीला त्या दाढेवर अजून पाच-सहा वर्षं काढायची असतात. दुधाच्या दातांचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. दाढ वेळेआधी काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. म्हणून फटीत रेघ दिसली की तेव्हाच भरून घ्या. एका डॉक्टरांनी ‘राहू द्या’ म्हटलं तर दुसऱ्यांना दाखवा.

धाकट्याच्या वेळी पहिल्यापासून सगळं नीट बसवलं. दात यायच्या आधी, दूध पिऊन झाल्यावर स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या पुसायच्या. गुटीत किंवा चोखणीला मध लावायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं दातांचा प्रश्न यायच्या आधीच जिवाला धोक्याचं असतं. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात दिसला की त्या दिवसापासून मऊ ब्रश, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत दातांच्या डॉक्टरांची पहिली भेट. मोठा ताप किंवा जुलाब ‘दात येताहेत’ म्हणून अंगावर काढू नका, बाळाला दाखवून आणा.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय तर लावूच नका. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या पुढच्या दातांवर रात्रभर साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, त्यामुळे ते बचावतात आणि वरचे किडतात. सुरुवात हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या पट्ट्याने होते. त्या टप्प्यावर डॉक्टरांनी फ्लोराइडचा लेप लावला आणि सवयी बदलल्या, तर कीड तिथेच थांबू शकते. तपकिरी खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून बघा.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दर तासाला एक बिस्कीट हातात दिलं तर दाताला उसंतच मिळत नाही. लाडू, चिक्की, वेफर्स जे काही द्यायचं ते जेवणाबरोबर द्या आणि मधल्या वेळेत पाणी. रात्री खोकल्याचं गोड औषध दिलं तर त्यानंतर दात घासूनच झोपवा.

पेस्ट फ्लोराइडचीच घ्या, ट्यूबवर हजार पीपीएमच्या आसपासचा आकडा बघून. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकायला शिकवा, खळखळून चूळ भरायला नको. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे पिण्याचं पाणी तपासून घ्या आणि पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. आजीची मिश्री मात्र मुलांच्या हिरड्यांपासून लांबच ठेवा, ती भाजलेली तंबाखू आहे.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनीच घासायचे. धाकट्याला मी मांडीवर डोकं ठेवून आडवा घेत असे. वरून पाहिलं की मागच्या दाढा स्पष्ट दिसतात आणि मूलही स्थिर राहतं. दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर त्यांच्या फटीतून रात्री धागा फिरवा, कारण ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत.

सहाव्या वर्षी तर जास्तच सावध राहा. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, कुठलाही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. दात पडला नाही म्हणून घरात कोणाला तिचा पत्ता लागत नाही, आणि लागला तरी तिलाही दुधाचीच समजतात. ती गेली तर दुसरी येणार नाही. तिच्या खोल खाचा वेळीच सीलंटने बुजवून घेता येतात. त्याला भूल लागत नाही की दुखत नाही.

शाळेच्या मैदानात कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरा, घासू नका, थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दातांच्या डॉक्टरांकडे पोचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.

खर्चाची धास्ती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा: २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांचे दातही तपासले जातात. त्या तपासणीनंतर घरी येणारी चिठ्ठी दप्तरातच राहू देऊ नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत आणि तिथे खासगीपेक्षा कितीतरी कमी खर्चात उपचार होतात. लहान खड्डा भरायला एकच भेट पुरते. तोच सोडून दिला की त्याची किंमत मूल सुजलेल्या गालाने आणि रात्रीच्या रडण्याने मोजतं. ती त्याच्यावर येऊ न देणं आपल्या हातात आहे.