म्हणे, एजन्सीला विचारा!

पाचोऱ्यातल्या एका सरकारी ऑफिसात मी डेटा एंट्री ऑपरेटर होते. कोणत्या, ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मार्चएंडला रात्री उशिरापर्यंत बसवायचं असलं, सुट्टीच्या दिवशी माहिती वर पाठवायची असली, की मी 'आपल्या ऑफिसची'. सातव्या महिन्यात प्रसूती रजेचा अर्ज दिला आणि मी एकदम एजन्सीची झाले. साहेब म्हणाले, "आमचा काही संबंध नाही. एजन्सीला विचारा." एजन्सीचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, "ऑफिसलाच तुम्ही नको आहात, ताई. आम्ही काय करणार?" पुढच्या महिन्यात मस्टरवर माझं नाव नव्हतं. कागद कोणीच दिला नाही.

सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, आता बाळाकडे बघ. मी बाळाकडेही बघितलं आणि माहितीच्या अधिकारात अर्जही टाकला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 'मला का काढलं?' असं त्यात विचारलं नाही. असल्या प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येतं. एजन्सीला गेलेल्या पत्रांच्या प्रती आणि जावक नोंदवहीच्या पानांची प्रत मागितली.

पत्र मिळालं. विषय : ऑपरेटर बदलून मिळणेबाबत. खाली लिहिलेलं, सदर कर्मचारी गरोदर असल्याने कामात व्यत्यय येत आहे, तरी त्यांच्याऐवजी शक्यतो पुरुष उमेदवार द्यावा. सही साहेबांची. मी तारीख पुन्हा पुन्हा बघितली. ती माझ्या डोहाळेजेवणाच्या आदल्या दिवशीची होती. दुसऱ्या दिवशी हेच साहेब बायकोला घेऊन आमच्या घरी जेवायला आले होते. त्यांच्या पानात मी स्वतः श्रीखंड वाढलं होतं. नोकरी गेली त्यापेक्षा ते श्रीखंड मला आजही जास्त झोंबतं.

खासगी दुकानदारानं असं केलं असतं तर आपण म्हणतो, जाऊ द्या, मालक आहे. पण हे सरकार आहे. सरकारी नोकरीत केवळ स्त्री आहे म्हणून भेदभाव करू नये, असं राज्यघटनेचं १६ वं कलम सांगतं. कामाच्या ठिकाणचा भेदभाव मोडून काढण्याचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार, क्रमांक १११, भारतानं १९६० मध्ये स्वीकारला आहे. म्हणजे जिनिंगवाल्याला, दुकानदाराला ज्यांनी जाब विचारायचा, त्यांच्याच ऑफिसातून 'पुरुष उमेदवार द्यावा' असं पत्र जातं! रोजंदारीवरच्या बायकांना प्रसूतीचे लाभ नाहीत, असं दिल्ली महापालिकेचंही म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली ते फेटाळलं. दिल्लीच्याच एका सरकारी रुग्णालयातल्या करारावरच्या डॉक्टरला करार संपेपर्यंतची फक्त ११ दिवसांची रजा देऊ केली होती. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, करार संपला तरी २६ आठवड्यांचा लाभ द्यावाच लागेल.

तेव्हा बायांनो, तोंडी काढलं तर त्याच दिवशी 'मला आजपासून येऊ नका असं तोंडी सांगण्यात आलं' असं पत्र ऑफिसला आणि एजन्सीला, दोघांनाही स्पीड पोस्टानं पाठवा. पावती जपा. रजेच्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. बाबू 'राहू द्या, मी बघतो' म्हणाला तरी. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं दाखवावं लागतं, म्हणून मस्टरच्या पानांचे फोटो आणि पगार जमा झालेलं पासबुक हाताशी ठेवा. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर लाभाचा दावा तिकडे करायचा असतो, हेही आधीच तपासा. गरोदरपणामुळे काढलं तर ६० दिवसांत दाद मागायची असते. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत बसाल तर ही मुदत निघून जाईल. आधी जळगावच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या, पुरावा मागून जोडा. नोव्हेंबर २०२५ पासून प्रसूती लाभाचा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, अर्जात तिचाच उल्लेख करा. आणि हो, धीर सोडू नका वगैरे. ते सगळेच सांगतात.

कडेवर बाळ घेऊन पाचोऱ्याहून जळगावला गाडीत उभं राहून गेले, तेव्हा तिथल्या बाबूनं पहिला प्रश्न विचारला, "सरकारी ऑफिसाविरुद्ध? नक्की?" नक्कीच. एजन्सीनं शेवटी २६ आठवड्यांचे पैसे दिले, तेही मी तक्रार मागे घेईन या आशेवर. मी घेतलेली नाही. ते पत्र लिहिणाऱ्यावर काय कारवाई केली, असं जिल्ह्याच्या कार्यालयाला लेखी विचारलंय. उत्तर आलं, की प्रकरण एजन्सीशी संबंधित आहे. त्यावर अपील केलं आहे.