निरनिराळे सूर, एकच स्तवन

शास्त्रवाचन : इफिसकरांस पत्र २:११-२२; कलस्सैकरांस पत्र ३:१२-१७



बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील बनशंकरी येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांची घरगुती प्रार्थनासभा रविवारी सायंकाळी भरते. अशाच एका सभेतील लहानसा प्रसंग या अभ्यासाला निमित्त झाला. अहमदनगरकडील (आताचे अहिल्यानगर) एका वृद्ध बंधूंनी पेटीवर भूप रागातील अभंग सुरू केला. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या नातवाने उत्साहाने गिटारची साथ धरली. दोन ओळी झाल्या आणि काहीतरी खटकते आहे हे सर्वांनाच जाणवले. आजोबा थांबले. "तू वाजव, बाळा, मी ऐकतो," एवढेच ते म्हणाले. त्या संध्याकाळी ते पुन्हा गायले नाहीत. आणि पुढच्या रविवारी नातू गिटार न घेता आला.

वाचकहो, आपल्या कितीतरी मंडळ्यांत हेच घडत असते. एक पिढी गप्प होते, नाहीतर दुसरी दूर जाते. म्हणून भिन्न संगीतपद्धती एकत्र येऊन उपासनेचा एक नवा नाद निर्माण होऊ शकतो काय, याचा विचार करू या.

१. विसंवाद कोठे असतो?

त्या संध्याकाळी चूक कोणाचीच नव्हती. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर येतात. मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. पाश्चात्त्य पद्धतीत मात्र अनेक स्वर एकाच वेळी वाजवून स्वरसंघ करतात व ते बदलत नेतात. षड्‌जावरून मध्यमाच्या स्वरसंघाकडे गेले की मध्यम वाजतो; पंचमाच्या स्वरसंघात निषाद असतो. अर्थात आजोबांनी जे स्वर कटाक्षाने टाळले, तेच नातवाच्या हातून वाजत होते. दोघेही आपापल्या नियमाशी प्रामाणिक होते. पण एकमेकांचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. मंडळीतील बहुतेक कलह असेच असतात, नाही का?

२. पूर्वजांचा कित्ता

हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी पवित्र शास्त्रातील कथा मराठीत गाइली. आपल्या देशातील छंद त्यांनी येथल्या भाषेवर लादला नाही. येथल्या माणसांच्या ओठांवरची ओवी त्यांनी स्वीकारली.

पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनरींबरोबर इंग्रजी चाली आल्या. त्यांवर मराठी शब्द बसविताना एक अडचण उभी राही. इंग्रजी गीत शब्दांतील आघातावर चालते. मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रांवर तोललेले असते. त्यामुळे चालीसाठी कित्येकदा ऱ्हस्व अक्षर ताणावे लागे आणि दीर्घ अक्षर गिळावे लागे. त्याच काळात अहमदनगर परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाच्या परंपरेतून सुवार्ता सांगितली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व भजन ख्रिस्तचरणी अर्पण केले. तरीही मंडळीने इंग्रजी चाली टाकून दिल्या नाहीत. आज एकाच उपासनेत आपण दोन्ही प्रकार गातो. परंतु दोन प्रकार शेजारी ठेवणे वेगळे आणि त्यांचा मिलाफ होणे वेगळे.

३. व्हायोलिनचा धडा

मिलाफ कसा होतो, याचे सुंदर उदाहरण बंगळूर ज्या दक्षिणेत आहे तेथीलच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी युरोपीय व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणले. युरोपात हे वाद्य हनुवटीखाली धरतात. येथे वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पावलाच्या घोट्यावर टेकवितो. त्यामुळे वाद्याचा भार हातावर राहत नाही आणि गमक घेताना डावा हात मोकळा सरकतो. तारादेखील षड्‌ज-पंचमात जुळविल्या जातात. व्हायोलिन व्हायोलिनच राहिले. पण ते जमिनीवर बसले! आणि दक्षिणेच्या गायकांनीही या परक्या वाद्याला आपल्या शेजारी जागा दिली. आज त्याच्याशिवाय कर्नाटक संगीताची मैफल क्वचितच होते.

४. शास्त्र काय शिकविते?

इफिसकरांस लिहिताना प्रेषित पौल यहूदी व परराष्ट्रीय यांच्यामधील भिंतीविषयी बोलतो. ख्रिस्ताने ती पाडली, ती यहूद्यांना हेल्लेणी करून नव्हे, किंवा परराष्ट्रीयांना यहूदी करूनही नव्हे. त्याने दोघांमधून एक नवा मानव निर्माण केला, आणि त्याची किंमत वधस्तंभावर स्वतः भरली. खरे ऐक्य फुकट मिळत नाही.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातील क्रमही पाहा. बाराव्या ते चौदाव्या वचनांत करुणा, सौम्यता, सहनशीलता, क्षमा व प्रीती येतात. पंधराव्यात ख्रिस्ताची शांती येते. त्यानंतर सोळाव्या वचनात स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक गायने येतात. आपण मात्र आधी गाऊन मग समेट करू पाहतो. ज्या अंतःकरणाने बंधूची क्षमा केली नाही, त्याचा सूर कितीही शुद्ध असला तरी मंडळीत तो बेसूरच!

५. आचरणात कसे आणावे?

बनशंकरीच्या त्या घरी पहिले पाऊल आजोबांनी टाकले. "शनिवारी गिटार घेऊन ये," असा त्यांनी नातवाला निरोप धाडला. दोघे समोरासमोर बसले. अभंगासाठी नातवाने बदलते स्वरसंघ सोडले आणि तारांवर केवळ सा-प धरून तंबोऱ्यासारखी आस दिली. आजोबांनी सर्वांच्या गळ्याला सोसेल अशी पट्टी घेतली आणि आपल्या ताना आवरून लय सरळ ठेवली. मग नातवाने त्याचे आवडते गीत म्हटले आणि आजोबांनी पेटीवर साथ केली. रविवारी सारी सभा गायली.

यातून चार गोष्टी शिकू या. प्रथम शब्दांचा अर्थ जपावा. दुसऱ्याच्या पद्धतीचा नियम आधी विचारून घ्यावा. प्रत्येकाने काही एक स्वखुशीने सोडावे. एकाच बाजूने सोडले तर तो मिलाफ नव्हे, शरणागती होय. आणि जे गीत मूळ रूपातच शोभते, ते तसेच राहू द्यावे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाचा आवाज गप्प झाला आहे? त्याचे कारण आपण विचारले आहे काय?
२. ऐक्यासाठी मी स्वतः काय सोडण्यास तयार आहे?
३. या आठवड्यात कोणाबरोबर बसून त्याचे एक गीत मी शिकेन?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमची शांती आहेस. आमच्यातील भिंती पाड. आम्हांला आधी एकमेकांचे ऐकावयास शिकव आणि मग गावयास शिकव. आमेन.