स्वखर्चाचे प्रकाशन आणि टपालातील संपादक

ग्रंथाचा छपाईखर्च कोणी सोसला, यावरून त्याची वाङ्मयीन योग्यता ठरविणे कितपत युक्त आहे, हा प्रश्न नाशिकच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ मध्ये वि. स. खांडेकर यांनी पदरमोड करून प्रसिद्ध केला आणि त्यास प्रस्तावनाही लिहिली. येथे पैसा व्यावसायिक प्रकाशकाचा नव्हता. पहिला वाचक मात्र जाणता होता. १९५० च्या दशकातील ‘शब्द’सारख्या अनियतकालिकांत ही जागा समानधर्मी कवींनी घेतली.

लेखनाचे टपालाद्वारे शिक्षण मराठीत अभ्यासक्रमाच्या रूपाने कमी आणि संपादकीय पत्रांतून अधिक झाले. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांचा लेखकांशी झालेला पत्रव्यवहार याची साक्ष देतो. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडले, तेव्हा ही अनौपचारिक शाळाही उणावली.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे नाशिक दूरशिक्षणाचे केंद्र बनले. दूरशिक्षणात पाठ्यपुस्तिकेइतकेच महत्त्व उत्तरावरील शेऱ्याला असते. लेखनासही हेच लागू पडते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कामगार पगारातून संग्रह छापतो, तेव्हा त्याची उणीव स्वखर्च ही नसते. हस्तलिखित परखडपणे वाचणारा कोणी न भेटणे, ही असते. सारांश, स्वप्रकाशनाच्या इतिहासात पैशाच्या नोंदीपेक्षा पहिल्या वाचकाचा शोध अधिक मोलाचा ठरतो.